दुसरी पिढी वाचवताना : ‘प्रेरणा’ची वाटचाल

मुंबई सेंट्रल आणि ग्रँट रोड या दोन स्थानकांच्या पूर्वेला कामाठीपुरा आहे. शहराच्या बांधकामासाठी तेलंगणातून आलेल्या कामाठी मजुरांची ही वस्ती. तिच्या गल्ल्यांना नावांऐवजी क्रमांक आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, ब्रिटिश अमदानीत, या गल्ल्यांमध्ये देहविक्रयाचा बाजार स्थिरावला आणि पुढची शंभर वर्षे तो वाढतच गेला. तेलंगणा-आंध्रातून, सौंदत्तीच्या यल्लम्माच्या नावाने देवदासी म्हणून सोडलेल्या सीमाभागातल्या घरांतून, बंगालमधून आणि नेपाळच्या डोंगराळ जिल्ह्यांतून मुली इथे आणल्या गेल्या. त्यांतल्या कित्येकींनी वयाची अठरा वर्षे इथे आल्यानंतरच पूर्ण केली. पुढे त्यांना मुले झाली आणि ती मुले याच खोल्यांमध्ये वाढू लागली. शहराला त्यांचे अस्तित्व माहीत होते. पण शाळेच्या, रेशनच्या किंवा आरोग्याच्या नोंदवहीत त्यांना क्वचितच जागा मिळे.

‘प्रेरणा’ या संस्थेच्या कामाचा प्रारंभ १९८६ मध्ये याच गल्ल्यांत झाला. टाटा समाजविज्ञान संस्थेतून समाजकार्याचे शिक्षण घेतलेल्या प्रीती पाटकर आणि समाजकार्याचे अभ्यासक डॉ. प्रवीण पाटकर हे या संस्थेचे संस्थापक. कामाठीपुऱ्यात फिरताना प्रीतीताईंनी एकाच घरातल्या तीन पिढ्या गिऱ्हाइकाची वाट पाहत उभ्या असलेल्या पाहिल्या : आजी, आई आणि मुलगी. हा प्रसंग त्यांनी पुढे अनेक व्यासपीठांवरून सांगितला आहे. संस्थेच्या कामाची दिशा त्या दृश्याने ठरवली. मुलींना परगावांहून आणून विकणारी साखळी तर होतीच, पण या वस्तीतच जन्मलेल्या मुलीला विकत आणण्याचीही गरज नव्हती. ती आयतीच हाताशी होती. आईचा धंदा मुलीकडे जाणार, हे गृहीत धरूनच बाजाराचा हिशेब चाले. तो हिशेब मोडायचा, दुसरी पिढी या धंद्यात जाऊ द्यायची नाही, असे उद्दिष्ट ‘प्रेरणा’ने पहिल्यापासून समोर ठेवले.

त्या काळी हे काम करायचे म्हणजे नेमके काय करायचे, याचा आराखडा कुणाकडे तयार नव्हता. देहविक्रयासंबंधीच्या १९५६ च्या कायद्यात १९८६ मध्ये दुरुस्ती होऊन तो अनैतिक व्यापार प्रतिबंध कायदा, म्हणजे बोलीतला ‘पिटा’, झाला होता. बालन्याय कायदाही त्याच वर्षी आला. परंतु छापा घालणे, पकडणे आणि सुधारगृहात ठेवणे यापलीकडची व्यवस्था उभी नव्हती. धंद्यात ढकलली जाण्याच्या बेतात असलेल्या, पण अजून न ढकलल्या गेलेल्या मुलीसाठी कुठलेच कार्यालय नव्हते. संस्थेने सुरुवातीचा काळ वस्तीतल्या बायकांशी बोलण्यात घालवला. या बायकांनी स्वतःसाठी फारसे काही मागितले नाही. आमचे जे व्हायचे ते झाले, पोरांचे काही करा, असाच त्यांच्या बोलण्याचा सूर होता. आपल्या कार्यक्रमाचा उगम या मागणीत आहे, हे संस्थेने कधीही लपवलेले नाही. संस्थापकांच्या बरोबरीने या आयांचे नाव घ्यावे लागते ते म्हणूनच.

कुंटणखान्यातल्या खोलीत अर्भकाचे, मग पोराचे आणि मग पोरीचे वाढणे कसे होते, हे समजल्याशिवाय या कामाचे मोल कळणार नाही. खोलीत दाटीने खाटा, दोन खाटांमध्ये पडदा. वीट लावून उंच केलेल्या खाटेखाली मूल झोपे आणि खाटेवर धंदा चाले. रडून व्यत्यय आणू नये म्हणून लहानग्यांना गुंगीचे औषध पाजले जाई. जरा मोठे झालेले मूल रात्री खोलीबाहेर, जिन्यात किंवा रस्त्यावर काढले जाई. चहा, पान, सिगारेट, दारू आणून देण्याची कामे त्याच्याकडे येत. मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की दलालाची आणि गिऱ्हाइकाची नजर आईवरून तिच्याकडे वळे. आई आजारी पडली किंवा तिचे कर्ज थकले की घरवाली, म्हणजे कुंटणखाना चालवणारी बाई, मुलीचा विषय काढी. कोवळ्या मुलीच्या पहिल्या रात्रीची किंमत वेगळी असे आणि त्याला ‘नथ उतरवणे’ असे सोज्वळ नाव होते. आई तयार नसली तरी तिच्या शब्दाला किंमत नसे. ती स्वतः कधीकाळी ‘छुकरी’ म्हणून, म्हणजे विकत घेतलेली पोर म्हणून आलेली असे. नंतर ‘अधिया’वर, म्हणजे निम्मी कमाई घरवालीला देऊन, तिथेच राहिलेली असे. मूल हे घरवालीच्या हातातले तारणही होते. मूल इथे अडकलेले असताना आई पळून जात नाही, हे तिला पक्के ठाऊक असे. म्हणून एखादे मूल त्या खोलीतून रात्रीपुरते जरी बाहेर काढले, तरी त्याचा परिणाम दोन आयुष्यांवर होणार होता.

या सगळ्यात सर्वांत धोक्याचा काळ रात्रीचा होता आणि नेमक्या त्याच वेळी शहरातल्या सगळ्या बालवाड्या, पाळणाघरे आणि शाळा बंद असत. या साध्या निरीक्षणातून १९८८ मध्ये ‘प्रेरणा’चे रात्रकालीन देखभाल केंद्र, म्हणजे ‘नाइट केअर सेंटर’, सुरू झाले. देहविक्रयात असलेल्या स्त्रियांच्या मुलांसाठीचे जगातले अशा प्रकारचे पहिले केंद्र म्हणून ते ओळखले जाते. कामाठीपुऱ्यातल्याच महानगरपालिकेच्या शाळेच्या इमारतीत, दिवसाची शाळा सुटल्यावर, हे केंद्र भरू लागले. संध्याकाळी आई मुलाला आणून सोडी. आंघोळ, कपडे, गरम जेवण, अभ्यास, खेळ, आणि मग ज्या झोपेत कुणी हलवून उठवणार नाही अशी झोप. सकाळी मुले उठून, आवरून शाळेला जात. आईला मुलाला केव्हाही भेटता येई, आणि मूल आईपासून तोडायचे नाही हा नियम पहिल्या दिवसापासून पाळला गेला. शहरातल्या मध्यमवर्गीय घरात जे आपोआप मिळते, तेच इथे रोज संध्याकाळी नव्याने उभे करावे लागत होते. एका रात्रीचा खंड पडला तरी त्या रात्री मुले पुन्हा खाटेखालीच जाणार होती. त्यामुळे गणपती, दिवाळी, दंगल, पाऊस, काहीही असो, केंद्राला सुट्टी नव्हती.

हे सारे सुरळीत झाले नाही. सार्वजनिक शाळेत ‘त्या’ बायकांची मुले राहणार याला आजूबाजूच्यांचा विरोध झाला. घरवाल्या आणि दलालांना संस्थेचा वावर खुपत होता. मुले पळवून नेणारे लोक आले आहेत, अशा अफवा वस्तीत पसरत. इथे काम करायला कार्यकर्ते मिळणे आणि टिकणे, दोन्ही कठीण होते, कारण कामाच्या जागेचे नाव घरी सांगताना तरुण मुलींना संकोच वाटे, आणि रात्रपाळी तर बहुतेक घरांना मान्यच नसे. तरीही केंद्र चालवणाऱ्या ताया, मावश्या, स्वयंपाकाची माणसे, मुलांना तपासायला येणारे डॉक्टर आणि वर्ग वापरू देणारे महापालिकेतले अधिकारी व शिक्षक, अशा कितीतरी हातांनी ते पहिले दशक तोलून धरले. यांतल्या बहुतेकांची नावे कुठल्याही पुरस्काराच्या यादीत नाहीत. पुढे फॉकलंड रोड, म्हणजे आजचा पठ्ठे बापूराव मार्ग, या परिसरातील मुलांसाठी खेतवाडीच्या बाजूला आणि नंतर नवी मुंबईत वाशी-तुर्भे भागात केंद्रे निघाली. घाऊक बाजारपेठ आणि ट्रकची वर्दळ यांच्या आधाराने तुर्भ्यात वस्ती वाढली होती. कामाठीपुऱ्यातली पद्धत तिथे जशीच्या तशी चालली नाही. पण आईला भागीदार करून घेण्याचे सूत्र मात्र कायम राहिले.

केंद्र सुरू झाले तेव्हाच एक मोठा वाद देशाच्या सर्वोच्च न्यायालयात पोचला होता. वेश्यांच्या मुलांसाठी वेगळ्या शाळा आणि वेगळी वसतिगृहे काढावीत, अशी मागणी करणारी याचिका गौरव जैन यांनी दाखल केली होती. ती मागणी न्यायालयाने मान्य केली नाही. अशा वेगळेपणाने मुलांवरचा शिक्का अधिक गडद होईल, त्यांना इतर मुलांमध्ये मिसळू द्यावे, ही भूमिका घेऊन न्यायालयाने प्रश्नाच्या अभ्यासासाठी समिती नेमली. १९९७ मध्ये याच प्रकरणात आलेल्या निकालाने या मुलांच्या सुटकेचा आणि पुनर्वसनाचा विचार शासनावर बंधनकारक केला. ‘प्रेरणा’चा अनुभव न्यायालयाच्या या भूमिकेशी जुळणारा होता. संस्थेने मुलांसाठी स्वतंत्र शाळा काढली नाही. वस्तीजवळच्या चालू शाळांमध्येच त्यांना घातले आणि शाळेबाहेरचा आधार स्वतःकडे घेतला.

शाळेत घालणे हे म्हणायला सोपे होते. प्रवेश अर्जावर वडिलांचे नाव हा पहिलाच रकाना. जन्माचा दाखला नाही, रेशनकार्ड नाही, पत्ता सांगितला की कारकुनाचा चेहरा बदलतो. घरी जन्मलेल्या मुलाच्या जन्माचा पुरावा कुठून आणायचा? आईचे खरे नाव कोणते, धंद्यातले कोणते, आणि कागदावर कोणते घालायचे? संस्थेच्या कार्यकर्त्यांची अनेक वर्षे या रकान्यांशी झगडण्यात गेली. आईचे नाव हीच मुलाची पुरेशी ओळख मानावी, हा आग्रह त्यांनी शाळेच्या खिडकीपासून मंत्रालयापर्यंत धरला. बाहेरून पाहणाऱ्याला हे काम कारकुनी वाटेल. परंतु किशोरवयीन मुलीचा शोषणापासून बचाव बऱ्याचदा याच कागदांवर ठरतो. जिच्या वयाचा पुरावा आहे, तिला दलाल ‘एकोणीस वर्षांची’ म्हणून सहजी उभी करू शकत नाही. पुरावा नसेल तर वय ठरवण्यासाठी हाडांची तपासणी करावी लागते, आणि तिच्या निष्कर्षात एक-दोन वर्षांचा फरक पडू शकतो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत तेवढा फरक आरोपीच्या पथ्यावर पडतो.

नव्वदच्या दशकात कामाचे स्वरूप तीन टप्प्यांत पक्के झाले. पहिला टप्पा रात्रीच्या केंद्राचा. दुसरा शैक्षणिक आधाराचा, कारण मुले शाळेत जाऊ लागली तरी सातवी-आठवीच्या सुमारास, म्हणजे नेमक्या धोक्याच्या वयात, त्यांची शाळा सुटत होती. तिसरा टप्पा निवासी संस्थांमध्ये पाठवण्याचा. वाढत्या मुलीला वस्तीत ठेवणे रोजच्या रोज अवघड होत जाते, हे आईलाच सर्वांत आधी कळे. मग आईच्या संमतीने, तिला वसतिगृह प्रत्यक्ष दाखवून, मुलीला वस्तीपासून दूरच्या निवासी शाळेत किंवा बालगृहात दाखल केले जाई. ही वसतिगृहेही सुरुवातीला सहज दारे उघडत नसत. मुलीची पार्श्वभूमी कळली तर इतर पालक काय म्हणतील, ही त्यांची भीती होती. सुट्टीत मुलगी आईकडे गेली आणि परत आलीच नाही, अशी निराशाही कार्यकर्त्यांच्या वाट्याला आली. तरीही तिन्ही टप्पे एकमेकांना जोडून ठेवण्याचा आग्रह सुटला नाही. नुसत्या रात्रीच्या निवाऱ्याने लहान मूल सुरक्षित राहते. चौदा वर्षांची मुलगी सुरक्षित राहायची तर तिला शाळा, राहायला दुसरी जागा आणि तिच्या बाजूने उभी राहणारी आई, हे तिन्ही एकाच वेळी लागते. ‘प्रेरणा’च्या कामातला हा सर्वांत मोलाचा धडा म्हणता येईल.

याच दशकात एड्सने वस्ती पोखरली. मुंबईतल्या देहविक्रयातील स्त्रियांच्या तपासणीत निम्म्याहून अधिक जणी एचआयव्हीबाधित आढळू लागल्या होत्या. तिशीतल्या आया एकामागून एक जाऊ लागल्या. ज्यांच्या भरवशावर कार्यक्रम उभा होता त्याच गेल्या, आणि मागे राहिलेल्या मुलांवर हक्क सांगायला घरवाल्या व स्वतःला नातेवाईक म्हणवणारे पुढे आले. आईच्या हयातीतच तिची इच्छा लेखी नोंदवणे आणि मुलांच्या पालकत्वाची कायदेशीर सोय करणे, या गोष्टी किती निकडीच्या आहेत, हे या काळाने शिकवले.

फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पोलिसांनी शहरातल्या कुंटणखान्यांवर एकाच वेळी मोठे छापे घातले. ४०० हून अधिक मुली आणि तरुण स्त्रिया बाहेर काढल्या गेल्या. त्यांत नेपाळच्या मुलींची संख्या मोठी होती. एवढ्या मुलींना ठेवायला जागा, त्यांची भाषा समजणारी माणसे, औषधोपचार, घरच्यांचा शोध, यांतल्या कशाचीच तयारी नव्हती. शासकीय गृहे अपुरी पडली, मुली आजारी पडल्या, आणि नेपाळमध्ये त्यांना परत घेण्याबाबत बराच काळ चालढकल झाली. अखेर तिथल्या स्वयंसेवी संस्थांनी पुढाकार घेतल्यावर त्यांतल्या शंभरावर मुली मायदेशी परतल्या. सुटकेची कारवाई हा कामाचा आरंभ असतो, हे त्या वर्षाने सर्वांनाच दाखवून दिले. सुटकेनंतरच्या प्रत्येक पायरीसाठी ठरलेली पद्धत हवी, या मागणीला यानंतर बळ मिळाले आणि ‘प्रेरणा’चे लक्ष रात्रीच्या केंद्राबरोबर न्यायालयाच्या आवाराकडेही वळले.

त्या आवारात काय घडत होते, हे २००२ च्या एका प्रकरणातून जगासमोर आले. संस्थेच्या इतिहासातला हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा असल्याने तो थोडा सविस्तर सांगायला हवा. मुंबईतल्या एका छाप्यात २४ जणी पोलिसांच्या ताब्यात आल्या होत्या. त्यांच्याबरोबर दलाल आणि कुंटणखाना चालवणारेही पकडले गेले होते. अशा प्रकरणांत एक ठरीव खेळ चाले. आरोपींचा वकील तोच सुटका झालेल्या मुलींचाही वकील म्हणून उभा राही. मुली सज्ञान आहेत आणि त्यांना घरी जायचे आहे, असा अर्ज करी. न्यायालयाबाहेर ‘मावशी’ किंवा ‘काका’ तयारच असत, आणि मुलगी ज्या दाराने आत आली त्याच दाराने पुन्हा त्याच लोकांच्या हाती जाई. वयाची खातरजमा नाही, घरची चौकशी नाही. म्हणजे ज्या कायद्याने तिला सोडवले, त्याच कायद्याच्या आडून ती परत बाजारात जात होती. ‘प्रेरणा’ने या विरोधात मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल केली.

ऑक्टोबर २००२ मध्ये आलेल्या निकालाने हा खेळ बंद करण्याचे नियमच घालून दिले. अठरा वर्षांखालील व्यक्तीवर, मग ती कायद्याशी संघर्षात आलेली असो वा काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली असो, दंडाधिकाऱ्याला अधिकार चालवता येणार नाही. तिचे प्रकरण बालन्याय मंडळाकडे किंवा बाल कल्याण समितीकडेच गेले पाहिजे. समोर आणलेली मुलगी अज्ञान वाटत असेल तर तिच्या वयाची निश्चिती पहिल्याच वेळी करावी. परिवीक्षा अधिकाऱ्याची (प्रोबेशन ऑफिसरची) चौकशी पूर्ण झाल्याशिवाय तिला सोडू नये, आणि सोडायचे ते समितीने योग्य ठरवलेल्या पालकाच्याच ताब्यात. पालक योग्य नसतील तर तिच्या पुनर्वसनाची जबाबदारी व्यवस्थेने घ्यावी. आणि सर्वांत नेमका घाव असा, की दलालाची किंवा कुंटणखाना चालवणाऱ्याची बाजू मांडणाऱ्या वकिलाला त्याच प्रकरणातल्या पीडितांच्या वतीने उभे राहता येणार नाही. देशभरातल्या बाल कल्याण समित्यांच्या आणि पोलिसांच्या प्रशिक्षणात आजही हा निकाल ‘प्रेरणा विरुद्ध महाराष्ट्र शासन’ या नावाने शिकवला जातो. महापालिकेच्या शाळेतल्या काही वर्गांतून सुरू झालेल्या संस्थेचे नाव अशा रीतीने कायद्याच्या पुस्तकांत कायमचे नोंदले गेले. या निकालामागे याचिकेचे कागद जुळवणारे कार्यकर्ते, फीचा विचार न करता उभे राहणारे वकील आणि आपल्याच खात्यातल्या उणिवा मान्य करण्याचे धाडस दाखवणारे काही अधिकारीही होते.

निकाल लागला म्हणून अंमलबजावणी आपोआप झाली नाही. संस्थेच्या मानवी व्यापारविरोधी केंद्राने प्रशिक्षण, दस्तऐवजीकरण आणि संशोधन यांचा भार उचलला आणि त्याला डॉ. प्रवीण पाटकर यांचे वैचारिक नेतृत्व लाभले. पोलीस, परिवीक्षा अधिकारी, समिती सदस्य, सरकारी वकील, इतर राज्यांतल्या संस्था, अशा सर्वांसाठी कार्यपद्धती लिहून काढल्या गेल्या. छाप्याच्या वेळी पथकाबरोबर समाजकार्यकर्ती असावी, मुलीला आरोपीच्या गाडीत बसवू नये, जबाब घेताना तिच्या भाषेचा माणूस असावा, परगावच्या घराची चौकशी केवळ पत्रावर न उरकता तिथल्या संस्थेकडून प्रत्यक्ष करून घ्यावी. या साध्या वाटणाऱ्या गोष्टी कुणीतरी लिहून ठेवाव्या लागतात, आणि मग कुणीतरी त्या पुन्हापुन्हा सांगत राहावे लागते. मुक्त झालेल्या आणि अन्य प्रकारे धोक्यात असलेल्या मुलींसाठी नवी मुंबईत ‘नौनिहाल’ हे बालगृह संस्थेने उभारले. बालगृह चालवणे हे रात्रीच्या केंद्रापेक्षा वेगळे आव्हान आहे. तिथे आलेली पंधरा वर्षांची मुलगी अनेकदा रागावलेली असते. तिला सोडवणाऱ्यांवरच तिचा विश्वास नसतो. तिला तिच्या ‘प्रियकरा’कडे परत जायचे असते, आणि तोच तिला विकणारा असतो. तिच्याशी बोलत राहण्याला, तिची खटल्यातली साक्ष होईपर्यंत आणि त्यानंतरही तिच्या बाजूला राहण्याला, वर्षे द्यावी लागतात. अशा मुलीला उपदेश करणे टाळून तिचे म्हणणे ऐकून घेण्याची शिस्त संस्थेने आपल्या कार्यकर्त्यांत रुजवली, ही बाब आवर्जून नोंदवण्यासारखी आहे.

दरम्यान बाजारही जागा बदलत होता. २००५ मध्ये महाराष्ट्रात डान्स बारवर बंदी आली. शहरातल्या जमिनीचे भाव चढत गेले तसा कामाठीपुरा आकसू लागला. धंदा लॉजमध्ये, उपनगरांतल्या फ्लॅटमध्ये, भिवंडी-ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात आणि महामार्गांच्या कडेला पांगला. गल्लीत उभी असलेली मुलगी निदान दिसत तरी होती. बंद फ्लॅटमधली आणि फोनवरून ठरवली जाणारी मुलगी कुणाला दिसणार?

कायदाही या काळात हळूहळू पुढे सरकत होता. मानवी व्यापाराविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००० च्या करारावर भारताने २०११ मध्ये शिक्कामोर्तब केले. २०१२ मध्ये बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा ‘पोक्सो’ कायदा आला आणि अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलगा व मुलगी त्याच्या कक्षेत आली. मुलगाही, हे ठळकपणे सांगायला हवे. किशोरवयीन मुलग्यांच्या शोषणाकडे तोवर कायद्याचे फारसे लक्ष नव्हते. २०१३ मध्ये भारतीय दंड संहितेतल्या ३७० व्या कलमात मानवी व्यापाराची स्पष्ट व्याख्या झाली. या कायद्यांचा अर्थ सामान्य पालकांपर्यंत आणि पोलीस ठाण्यांपर्यंत नेण्यासाठी ‘आरंभ इंडिया’ हा उपक्रम संस्थेने सुरू केला. बालकांच्या लैंगिक शोषणाची छायाचित्रे आणि चित्रफिती इंटरनेटवरून हटवण्यासाठी तक्रार करता यावी, म्हणून २०१६ मध्ये ‘आरंभ’ने ब्रिटनमधल्या ‘इंटरनेट वॉच फाउंडेशन’च्या सहकार्याने देशातली अशी पहिली हॉटलाइन सुरू केली. तीस वर्षांपूर्वी खाटेखालच्या मुलाचा विचार करणाऱ्या संस्थेने मोबाइलच्या पडद्यावरून ओढल्या जाणाऱ्या मुलीचाही विचार तितक्याच तातडीने केला. रस्त्यावर भीक मागणाऱ्या मुलांसाठीचे कामही याच काळात आकाराला आले.

२०२० च्या टाळेबंदीने वस्तीची कमाई एका दिवसात थांबवली. खोलीचे भाडे आणि सावकाराचे व्याज मात्र थांबले नाही. मुलांची शाळा मोबाइलवर गेली आणि बऱ्याच घरांत मोबाइल नव्हता. कर्ज वाढले की मुलीवर डोळा जातो, हे १९८६ पासून पाहत आलेल्या संस्थेला या संकटाचा खरा अर्थ लगेच कळला. धान्य, औषधे, मुलांचा अभ्यास आणि मुलांशी रोजचा संपर्क यांवर भर दिला गेला. सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षी देहविक्रयातील स्त्रियांना ओळखपत्राचा आग्रह न धरता कोरडा शिधा देण्याचे आदेश राज्यांना दिले. महाराष्ट्र शासनाने त्यांना काही महिने दरमहा ५,००० रुपये आणि शाळकरी मुले असलेल्यांना आणखी २,५०० रुपये देण्याचे जाहीर केले. मुलांच्या शाळेसाठी वेगळी रक्कम द्यावी, हे शासनाला सुचणे ही लहान गोष्ट नव्हे. या आयांना मुले आहेत आणि त्यांना शिकवायचे आहे, हे १९८६ मध्ये शासनाच्या कागदावर कुठेच नव्हते.

आज संस्थेला चार दशके होत आली आहेत. पहिल्या काळात केंद्रात झोपायला आलेली मुले आता चाळिशीकडे झुकली आहेत. संसार, नोकऱ्या, स्वतःची मुले, असे त्यांचे आयुष्य वस्तीबाहेर उभे आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत मानवी व्यापाराचा गुन्हा १४३ व्या कलमात गेला. त्यामुळे पोलिसांच्या आणि समित्यांच्या प्रशिक्षणाची पुस्तिका पुन्हा एकदा नव्याने समजावून सांगावी लागणार आहे. मानवी व्यापाराविरुद्धच्या सर्वंकष कायद्याचे विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत संमत झाले होते, पण राज्यसभेत न पोचताच ते बारगळले. सुटकेपासून पुनर्वसनापर्यंतची साखळी एकाच कायद्यात बांधण्याची गरज त्यामुळे अजून शिल्लक आहे. कामाठीपुऱ्याच्या जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाची योजना पुढे सरकते आहे. घरमालकाला आणि नोंद असलेल्या भाडेकरूला त्यात घर मिळेल. खाटेचे भाडे रोजच्या रोज देणाऱ्या बाईच्या नावावर कुठलीच पावती नसते. ती तिथून निघाली की तिच्याबरोबर तिची शाळकरी मुलगीही निघते, आणि नव्या ठिकाणी शाळेचा दाखला, ओळखीची ताई आणि रात्रीचा निवारा, हे सगळे पुन्हा पहिल्यापासून शोधावे लागते. या स्थलांतरात एकही मुलगी शाळेच्या पटावरून गळू नये, हे ‘प्रेरणा’पुढचे आजचे काम आहे.